नाना घरी न्हाईत

आमच्या गावात कोणाच्या दारात गेलं की घरधन्याचं नाव घेऊन हाक मारतात. बाईमाणसाला नावानं हाक मारायची रीत नाही. धनी घरात नाही हे साऱ्या गावाला माहीत असलं तरी हाक त्याच्याच नावाची. नानाच्या दारात मी अशा हाका आयुष्यभर मारल्या. "नाना, हाय का घरी?" की आतून सिंधूवहिनी म्हणायची, "न्हाईत घरी." मग मी काय काम आहे ते सांगायचो. लाइटचं बिल आलंय, उद्या पाण्याचा टँकर येणार हाय, तुमच्या गाईनं माझं कडवळ खाल्लंय. नाना तेव्हा समुद्रात कुठंतरी असायचा. तिनं भाकरी थापायचा हात एकदाही थांबवल्याचं मला आठवत नाही.

नाना जाऊन वर्ष होत आलं. त्याची लेक श्रीगोंद्याला दिलेली आहे, जावई साखर कारखान्यात आहे. ती म्हणाली, "अप्पाकाका, बाबांवर तुमीच लिहा. तुमच्याएवढं कोनाला ठावं न्हाई." मी चौथी शिकलेला माणूस. अक्षर माझं बरं आहे, पण बोटं वळतात, म्हणून थांबत थांबत लिहितो. खोटं लिहिणार नाही, आणि कोणी सांगितलं म्हणून माझं मत बदलणार नाही.

नाना माझा चुलत भाऊ. वयानं माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, पण पाती, म्हणजे घराण्याची शाखा, आमची थोरली. म्हणून कुळाचे देव आमच्या देव्हाऱ्यात असतात आणि धुळवडीला वीर मिरवायचा मान माझा. हे मी कोणाला विसरू देत नाही.

आमचं गाव तिसगावकडून पुढं. पाऊस आमच्याकडं वाट चुकल्यासारखा येतो. ओढ्याला पाणी आलं तर पोरं शाळा सोडून बघायला जातात. अशा गावचा पोरगा आरमारात कसा गेला, तर रांगेमुळं. नगरला मिल्ट्रीची भरती होती. (आता जिल्ह्याचं नाव बदललं. आम्ही नगरच म्हणतो.) पायदळाची रांग लांबलचक आणि ऊन मरणाचं. बाजूला दुसरी रांग आखूड होती आणि तिच्यावर लिंबाची सावली होती. नाना सावलीत जाऊन उभा राहिला. छाती मोजून घेतल्यावर त्याला कळलं की ही बोटीवरची भरती. त्याला पोहायला येत नव्हतं. पुढं किती वर्षं त्यानं बोटीत काढली, तरी शेवटपर्यंत विहिरीच्या काठावर तो कमरेला दोर बांधल्याशिवाय वाकत नसे.

बोटीच्या इंजिनखोलीत त्याची नोकरी. तिथं म्हणे कानात बोळे घालूनही डोकं बधिर व्हायचं. त्यामुळं नाना ओरडून बोलायचा आणि दुसऱ्याचं अर्धंच ऐकायचा. देवळात कानात सांगितलेली गोष्ट तो साऱ्या आळीला ऐकवायचा. आरमारातून सुटला तर घरी बसावं की नाही? पण तो मालाच्या बोटीवर चढला. बाप वारला तेव्हा बोट कुठल्या परक्या बंदरात होती, आला तो वर्षश्राद्धाला. लेकीचं लग्न निघालं तेव्हा "येतो" म्हणून निरोप आला आणि बोट अडकली. कन्यादानाला मी आणि माझी बायको बसलो. वहिनी पदर डोक्यावर घेऊन खांबाला टेकून उभी होती. पाहुणे विचारायचे, "मुलीचे वडील?" ती म्हणायची, "न्हाईत घरी." मांडवातसुद्धा तेच.

शेवटी कान पुरते गेले तेव्हा तो गावी आला. एक लोखंडी पेटी, गुडघ्यापर्यंत येणारा रेनकोट आणि गाठी मारायची विद्या, एवढं घेऊन. रेनकोट आमच्याकडं चढवायचा कधी? त्यानं तो कडब्याच्या गंजीवर टाकला. गाठींचं मात्र आम्हाला सोसावं लागलं. एकदा माझा बैल सुटला होता, तो नानानं माझ्याच दावणीला बांधून ठेवला. उपकार म्हणून. ती गाठ मला सुटेना, माझ्या पोराला सुटेना. बैल ओढेल तशी ती आवळत गेली. नाना तिसगावच्या बाजाराला गेलेला. शेवटी विळ्यानं नवा कासरा कापला. संध्याकाळी तो म्हणाला, "अप्पा, ही गाठ वढायची नसती. ढिली सोडायची, मंग सुटती."

"माझ्या बैलाला ते कुनी सांगायचं?" मी म्हणालो.

"बैलाला न्हाई रं, तुला सांगतोय," तो ओरडला. चार घरांत हसू ऐकू आलं.

पाण्याचं त्याचं एक होतं. टँकरवर बाया भांडायच्या, हंड्यावर हंडे आपटायच्या, आणि हा बाबा एका तांब्यात दात घासायचा, दाढी करायचा, तोंड धुवायचा आणि उरलेलं तुळशीला घालायचा. पोरांनी त्याला चिडवलं, "नाना, तुमी तर पान्यातच व्हता की जल्मभर." तो म्हणायचा, "त्यातलं घोटभर पेता येत न्हाई. चौकून पानी आन् मोजून तांब्या. तुमच्या गावावानीच हाय समुद्र." त्याच्या या गोष्टीवर वहिनी खूश होती. दुसऱ्या कुठल्या गोष्टीवर खूश असल्याचं मी पाहिलं नाही.

आता सुभेदाराचं सांगतो.

नानाच्या वाटणीला जो तुकडा आला त्याला सुभेदाराचं रान म्हणतात. त्या रानाच्या बांधाला, रस्त्याच्या कडेला, एक दगडी ओटा होता. चार पायऱ्यांचा, वर चौकोनी दगड, त्यावर काही कोरलेलं नाही. आमच्या घरात सांगत आलेली गोष्ट अशी, की आमचा मूळपुरुष सटवाजी आरमाराचा सुभेदार होता. कोकणात लढाईत जखमी झाला, घाट चढून चालत घरी आला आणि आपल्या रानात त्यानं प्राण सोडला. तो ओटा त्याची समाधी. अशा अकाली गेलेल्या पुरुषाला आम्ही वीर म्हणतो. चांदीच्या पत्र्यावर त्याची आकृती ठोकून टाक करतात, देव्हाऱ्यात पुजतात आणि धुळवडीला हलगी लावून मिरवतात. आमचा वीर निघाला की गाव म्हणायचं, "पेयाला पानी न्हाई आन् ह्यांच्या घरात आरमार." म्हणोत. मान आमचा होता.

नानाला मात्र या गोष्टीचं वेड लागलं. मला वाटतं ते बोटीवरच लागलेलं असावं. सावलीच्या रांगेमुळं आपण बोटीवर गेलो असं त्याला वाटत नसे. रक्तातच होतं म्हणायचा. आणि दुसरंही एक म्हणायचा, पण ते हळू. म्हणजे त्याच्या हिशोबानं हळू. "अप्पा, तो घरी आला हुता. समुद्रावरचा मानूस उशिरानं का हुईना, घरी येतो."

अशात रस्ता रुंद करायचं निघालं. मोजणी झाली, चुन्याची रेघ मारली, आणि ओटा रेघेच्या आत आला. मोजणीबरोबर आलेला साहेब माणूस चांगला होता. म्हणाला, "कोणाची समाधी आहे त्याचा पुरावा द्या. जुन्या काळच्या आरमारातल्या अधिकाऱ्याची असेल तर मी वर लिहितो. रस्ता थोडा सरकवता येईल. नुसते दगड असतील तर माझ्या हातात काही नाही."

नानानं पेटी उघडली, धुतलेला सदरा काढला आणि दुसऱ्या दिवसापासून कचेऱ्या सुरू केल्या.

त्याचं हिंडणं मी पाहिलंय. सकाळच्या यष्टीला तो उभा असायचा, फडक्यात भाकरी, काखेत सातबारा. निघताना दारात "येतो गं" म्हणून ओरडायचा. आत वहिनी तव्याशी म्हणायची, "आधी बोटीवाल्यांनी न्हेला, आता मेलेल्यानं न्हेला." त्याला ऐकू जायचं नाही.

एकदा मी त्याच्याबरोबर तालुक्याला गेल्तो. सातबाऱ्यावरून फेरफार, फेरफारावरून जुनं इनामाचं पत्रक, असा तो मागं मागं जात होता. कारकून पोरगा तरणा, दिवसभर लोकांनी पिडलेला. नाना त्याच्या टेबलाशी वाकून ओरडला, "आरमाराच्या सुभेदाराचे कागद पायजेत."

पोरानं डोकं वर केलं. "काका, आरमार? आपल्या तालुक्यात?"

"व्हय."

"मग बंदर कुठल्या गटात येतं, तेवढा नंबर सांगा."

सगळी खोली हसली. नानानं हसणारी तोंडं पाहिली, कशाला हसतात ते त्याला ऐकू आलं नव्हतं, म्हणून तोही हसला. मग हसता हसता म्हणाला, "बसतो मी. तुमचं जेवान हू द्या." आणि खरंच बसला. चार वाजेपर्यंत. पोरगा वैतागून उठला, आतल्या खोलीत गेला आणि धुळीचा एक गठ्ठा घेऊन आला. नाना त्याला म्हणाला, "शिंका येतील. तोंडाला फडकं बांध." आणि आपलं भाकरीचं फडकं दिलं.

त्या गठ्ठ्यात सटवाजी सापडला. शेतसारा भरलेला सटवाजी, एका सालचा नाही, ओळीनं पुष्कळ सालांचा. नाना येताना यष्टीत माझ्या मांडीवर थापा मारत होता. "जखम भरली त्याची, अप्पा. तो नुसता मराय आला नव्हता. ऱ्हायला. पिकं घेतली. सारा भरला." पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. म्हटलं, "हळू." तो म्हणाला, "हळूच बोलतोय." इतका आनंदात मी त्याला त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता. लग्नात तो रजा संपायच्या काळजीत होता.

तो आनंद फार टिकला नाही. पुढच्या सुगीत आमच्या कुळाचा भाट आला. भाट म्हणजे घराण्याच्या पिढ्या लिहून ठेवणारा. दोन-तीन वर्षांनी येतो, पोथी काढतो, पिढी वाचतो, ज्वारी आणि धोतर घेऊन जातो. त्यानं माझ्या ओसरीवर बसून वाचलं. सटवाजी, त्याचा मानाजी, मानाजीचा सटवाजी, त्याचा मानाजी. आमच्याकडं नातवाला आज्याचं नाव ठेवतात. मलाही माझ्या आज्याचंच नाव आहे. नानाचा सारा भरणारा सटवाजी पोथीतल्या सालांप्रमाणं नातू निघाला. पहिल्या सटवाजीचं घरी परतणं कुठंच नव्हतं. ही साधी गोष्ट आम्हा दोघांच्या डोक्यात आली नाही, कारण आज्याचं नाव नातवात चालू राहिलं की आमच्या लेखी माणूस गेलेलाच नसतो.

"आन् बायका?" नानानं भाटाला विचारलं. "सटवाजीच्या बायकोचं नाव काय?"

भाट हसला. "बायका कोन लिहितं, पाटील?"

मग नाना टाकाच्या मागं लागला. म्हणाला, "अप्पा, वीर दाखव." मी सोवळ्यानं टाक काढून त्याच्या तळहातावर ठेवला. त्यावर घोड्यावर बसलेला तलवारवाला वीर आहे. नानानं उलटासुलटा केला. "ह्यो न्हाई."

"ह्यो न्हाई म्हंजे? दर धुळवडीला मिरवतो मी."

"लहानपनी मी बगितलाय. घोडा नव्हता. कशात तरी बसला हुता. खालून गोल हुतं."

खरं होतं. जुना टाक पुजून पुजून गुळगुळीत झाला होता. माझ्या बापानं तो तिसगावच्या सोनाराकडं दिला आणि नवा करून आणला. जुना रीतीप्रमाणं गोदावरीत सोडला. सोनारानं विचारलं असेल, कशाचा टाक? बाप म्हणाला असेल, वीराचा. वीर म्हटल्यावर सोनारानं घोडा दिला. साऱ्या मुलखातले वीर घोड्यावरच बसतात.

"समुद्रात घोडा?" नाना म्हणाला. "ती नाव हुती, अप्पा. तुझ्या बापानं सुभेदाराची नाव गोदावरीत सोडली."

मला राग आला. बापाचं नाव निघालं की मला राग येतो. मी म्हणालो, "नाव कशावरनं? माझी आय म्हनायची पाळना हाय. बाळंतिनी पोरं आनून त्याच्या पाया घालायच्या. इचार म्हाताऱ्यांना."

"बायांनी नाव बगितलीय कवा? खालून गोल दिसलं की म्हनायचं पाळना," नाना म्हणाला. हे मात्र मला पटलं. आमच्या गावच्या बायांनी नाव कुठं पाहिली असणार?

नानानं पुण्याच्या दफ्तरातून मागवलेली जुन्या इनामाच्या कागदाची नक्कल यायला बरेच महिने लागले. तोपर्यंत गावात वारं फिरलं होतं. सरपंचाच्या कानावर गेलं की साहेब रस्ता सरकवायला तयार आहे. मग काय, वेशीत फ्लेक्स लागला. मोठं शिडाचं गलबत, पुढं पगडीवाला मिशाळ सुभेदार आणि खाली सरपंचापासून सगळ्यांचे फोटो. नानाचाही होता, कोपऱ्यात. माझा देव्हाऱ्यातल्या टाकासकट होता. खोटं कशाला बोलू, मी तो फ्लेक्स दिवसातून दोनदा जाऊन बघायचो.

नक्कल मोडीत होती. नगरला एक मोडी वाचणाऱ्या बाई होत्या, आम्ही दोघं त्यांच्याकडं गेलो. बाईंनी भिंग घेऊन वाचलं आणि सावकाश सांगितलं. सटवाजी सुभेदार नव्हता. आरमाराकडला जुमलेदार होता, म्हणजे थोड्या माणसांवरचा अधिकारी. त्याचं गलबत वाऱ्यात गेलं आणि माघारी आलं नाही. मूल पाळण्यात होतं. मुलाच्या आईनं सरकारात अर्ज केला, म्हणून जमीन बालपरवेशीसाठी दिली.

नाना पुढं वाकला. "कशासाठी?"

"बालपरवेशी," बाई मोठ्यानं म्हणाल्या. "बाप कामावर गेला आणि आला नाही, तर मूल वाढवायला आईला जमीन द्यायचे."

"मग तो घरी आला न्हाई?"

"तसं यात काही नाही."

"बाईचं नाव?"

"मुलाची आई, एवढंच लिहिलंय."

येताना यष्टीत नानाची माझ्या मांडीवर थाप नाही, काही नाही. खिडकीतून उजाड माळ बघत बसला. मीच दोनदा काहीतरी बोललो, त्याला ऐकू आलं की नाही माहीत नाही.

घरी वहिनीनं चहा ठेवला. नाना पाटावर बसला आणि एकदम आखितीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, विचारू लागला, "आखितीला तू वट्यावर काय ठिवतीस गं?"

"खन, नारळ. बांगड्या."

"कसल्या बांगड्या?"

"हिरव्या. दुसऱ्या कसल्या असत्यात?"

"बाप्याच्या समाधीला हिरव्या बांगड्या?"

वहिनीनं चहा गाळता गाळता खांदे उडवले. "मला काय ठावं. सासूबाई ठिवायच्या. त्यांच्या सासूबाई ठिवायच्या. तुमी कदी हुता का आखितीला घरी, बगाया?"

नाना माझ्याकडं वळला. त्या दिवशी मात्र तो खरंच हळू बोलला. "अप्पा, तो वटा तिचा हाय. तिनं पोर वाढवलं, रान राखलं, आन् तितंच गेली. बांगड्या हिरव्या, म्हंजे तिनं चुडा फोडला न्हाई. मेला म्हनून सांगाया कोन आलं न्हाई तर फोडायचा कवा?" मग म्हणाला, "आन् टाकावर पाळनाच असंल रं. तुझी आय बरुबर हुती."

मी म्हणालो, "नाव बी असंल. ते आता गोदावरीला ठावं."

"तुला कदी वाटलं का," नानानं बायकोला विचारलं, "की मी येनार न्हाई म्हनून?"

वहिनीनं कप त्याच्या पुढं सरकवला. "चा प्या. गार हुतोय."

मी उठताना त्याला बाहेर नेलं आणि स्पष्ट सांगितलं. "नाना, ही नक्कल पेटीत ठेव. मोडी कुनाला येती? साहेबाला सांग, आरमारातला अधिकारी हुता, कागदावर हाय. खोटं न्हाई त्यात. समाधी कुनाची हे कागदात लिहिलंच न्हाई. वटा ऱ्हाईल, कुळाचं नाव ऱ्हाईल." यात मी काही चूक सांगितलं असं मला आजही वाटत नाही.

तो म्हणाला, "वटा कुनाच्या नावानं ऱ्हाईल?"

"सुभेदाराच्या. जसा हाय तसा."

"मग दारात नाव त्याचंच, आन् ती परत घरातच ऱ्हायली की."

ग्रामसभेला साहेब आला होता. हार, नारळ, सगळं तयार. सरपंचानं आरमारावर मोठं भाषण केलं. मग नानाला उभं केलं. नाना उभा राहिला आणि इंजिनखोलीतल्या आवाजात म्हणाला, "सटवाजी सुभेदार नव्हता, जुमलेदार हुता. गलबतासंगं बुडाला. घरी आला न्हाई. वटा त्याचा न्हाई, त्याच्या बायकुचा हाय. तिचं नाव कुटं लिवल्यालं न्हाई. पन हे रान तिच्या अर्जानं मिळालं, त्याच्या तलवारीनं न्हाई. सरकवायचा आसल रस्ता तर तिच्यासाठी सरकवा."

साहेबानं मान खाली घातली. कागद चाळत म्हणाला, "नाव नाही, काही नाही. असं कसं लिहू मी वर?" मागून कोणीतरी म्हणालं, "नाना, गप बसला आसता तर काय गेलं आसतं?" नानाला ते ऐकू आलं नाही. ऐकू आलं असतं तरी त्यानं तेच केलं असतं. सरपंच उठून गेला. दोन दिवसांत फ्लेक्स उतरला. पुढं तो सरपंचाच्या गोठ्यावर दिसला, गलबत उलटं.

माझं आणि नानाचं बोलणं त्या दिवसापासून बंद झालं. मी थोरल्या पातीचा. वीर मी मिरवतो. कुळाचा मान माझ्या हातात असताना त्यानं मला न विचारता तो वाटून टाकला. मी अजूनही सुभेदारच म्हणतो. आणि घोडा मी बदललेला नाही.

रस्त्याचं यंत्र यायच्या आधी नाना आणि वहिनीनं ओटा उचलला. मला घरातून दिसत होतं. दगडाला दोर बांधायचं काम नानाचं. त्याच्या त्या गाठी. ट्रॉलीवाला दगड ओढायचा आणि वहिनी प्रत्येक दगडाखालची माती पदरात घेत होती. काय करायची होती तिला, देव जाणे. दोन पिकली माणसं, उन्हातान्हात. ओटा त्यांनी आपल्या दारापुढं, लिंबाखाली रचला. चार पायऱ्या होत्या तशाच, वरचा दगड तसाच. नाव माहीत नाही म्हणून काही कोरलं नाही.

यष्टीला उभा असलेला नाना त्यानंतर मला दिसला नाही. बाजार वहिनी करायची. लोक म्हणायचे, म्हाताऱ्यानं हाय खाल्ली. माझी बायको जाऊन यायची, ती म्हणायची तसं काही नाही, शेंगा निवडतो, गाईचं बघतो, संध्याकाळी वहिनी ओट्यावर बसते आणि हा खाली पायरीवर. पेटीत आता दाणे भरलेत म्हणाली.

गेल्या धुळवडीला वीर मिरवून झाला. प्रसादाच्या खोबऱ्याची वाटी धाकट्या पातीला द्यावी लागते, आणि ती थोरल्यानंच नेऊन द्यायची असते. बोलणं असो नसो. माझे गुडघे आता रडतात, तरी काठी टेकत गेलो. नाना लिंबाखाली ओट्यावर आडवा झालेला, डोक्याखाली हात घेऊन. पायांवर वहिनीचं जुनं लुगडं पांघरलेलं. वाळला होता. मला समोर दिसत होता, पण मी आपण होऊन त्याच्याशी बोलणार नव्हतो. दारापाशी उभा राहिलो आणि रीतीप्रमाणं हाक दिली.

"नाना, हाय का घरी?"

आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो थांबला. मला वाटलं, सवयीनं तेच उत्तर येणार.

"हायेत," वहिनी आतून म्हणाली. "हायेत घरी, भावजी. झोपल्यात. उठवू का?"

"नको," मी म्हणालो. खोबऱ्याची वाटी त्याच्या उशाशी ओट्यावर ठेवली आणि घरी आलो.